समुद्रातील शांतता कोणाच्या मालकीची?

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकन नौदलाने पाणबुड्या हुडकणारी ध्वनियंत्रे आपल्या नौकांवर बसविली, तेव्हा त्याला एक चमत्कारिक अनुभव येऊ लागला. सकाळच्या प्रहरी ही यंत्रे चोख काम देत. दुपार कलली की त्याच समुद्रात, त्याच यंत्राला, तीच पाणबुडी सापडेनाशी होई. वरिष्ठांनी याचा जो पहिला निष्कर्ष काढला तो वरिष्ठांना शोभणाराच होता. यंत्रावर बसणारी माणसे दुपारच्या जेवणानंतर पेंगत असावीत, असे त्यांना वाटले. कचेऱ्यांत काम करणाऱ्या आमच्या वाचकांना हा आरोप अपरिचित नसावा. सुदैवाने प्रकरण वुड्स होल येथील समुद्रविज्ञान संस्थेतील कोलंबस आयझेलिन या शास्त्रज्ञाकडे गेले, आणि अॅथेलस्टन स्पिलहाउस याने सिद्ध केलेल्या, खोलीनुसार पाण्याचे तापमान टिपणाऱ्या उपकरणाने त्या बिचाऱ्या खलाशांची निर्दोष मुक्तता केली. पेंगत कोणीच नव्हते. दिवसभराच्या उन्हाने समुद्राचा वरचा थर तापत होता आणि त्यामुळे ध्वनीची वाट खाली वाकत होती. यंत्रातून निघालेला आवाज पाणबुडीपर्यंत पोचतच नव्हता. तो तिच्या खालून निघून जात होता.

ध्वनीची वाट वाकते, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली म्हणजे पुढचे सारे सुलभ होते. पाण्यातील ध्वनीचा वेग प्रथम काळजीपूर्वक मोजला गेला तो १८२६ मध्ये, जिनिव्हाच्या सरोवरात. कोलाडॉन आणि स्टुर्म यांनी एका नावेखाली पाण्यात घंटा वाजविली, त्याच क्षणी दारूचा भडका उडविला आणि दूरच्या दुसऱ्या नावेत पाण्यात नळी धरून मधला वेळ मोजला. उत्तर आले सेकंदाला १४३५ मीटर. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पाण्यात त्याच्या चौपटीहून अधिक. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हा वेग साधारणतः १५०० मीटरच्या आसपास असतो. परंतु तो सर्वत्र एकसारखा नसतो. पाणी उबदार असेल तेथे तो वाढतो, एका अंशाला साधारण ४ मीटर. दाब वाढेल तसाही तो वाढतो, दर १०० मीटर खोलीला दीड-पावणेदोन मीटर. आता वरून खाली जाऊ लागलो तर काय होईल? प्रथम पाणी झपाट्याने गार होत जाते, म्हणून वेग घटतो. काही शे मीटरनंतर तापमानाची घसरण मंदावते, पण दाब मात्र वाढतच राहतो, म्हणून वेग पुन्हा चढू लागतो. या दोहोंच्या मध्ये, समशीतोष्ण प्रदेशातील महासागरांत सुमारे १००० मीटर खोलीवर, एक असा थर येतो की जेथे ध्वनी सर्वांत संथ चालतो.

बैलगाडीचे एक चाक चिखलात रुतून मंदावले की गाडी आपोआप त्या चाकाच्या बाजूला वळते. ध्वनिलहरीचेही असेच आहे; जेथे वेग कमी, तिकडे ती वळते. संथ थरातून वर निघालेली लहर वरच्या वेगवान पाण्यात शिरताच खाली वळते, खाली निघालेली वर वळते, आणि अशा रीतीने हेलकावे खात ती त्या थरातच पुढे पुढे जात राहते. ना तिला पृष्ठभागावर आपटून विखुरावे लागते, ना तळाच्या गाळात जिरावे लागते. विजापूरच्या गोलघुमटात भिंतीशी तोंड नेऊन केलेली कुजबुज समोरच्या बाजूला, सुमारे ३७ मीटर अंतरावर, स्पष्ट ऐकू येते, याचा अनुभव शाळेच्या सहलीत अनेकांनी घेतला असेल. तेथे ध्वनीला धरून ठेवते ती घुमटाची भिंत. समुद्रात भिंत नाही. पाण्याच्याच गुणधर्मांनी तयार झालेला, छत आणि जमीन दोन्ही पाण्याचेच असलेला असा तो एक विस्तीर्ण सज्जा आहे.

त्याचा लाभ किती, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. मोकळ्या अवकाशात ध्वनी चहूबाजूंनी पसरतो, म्हणून अंतर दुप्पट झाले की तीव्रता एक चतुर्थांश होते. थरात कोंडलेला ध्वनी केवळ आडवा पसरू शकतो, म्हणून अंतर दुप्पट झाल्यास तीव्रता फक्त निम्मी होते. फरक किरकोळ वाटेल. पण १ किलोमीटरपासून १००० किलोमीटरपर्यंत हिशेब नेला तर पहिल्या रीतीने तीव्रता दशलक्षांश उरते, दुसऱ्या रीतीने सहस्रांश. शिवाय खर्जातील आवाज खाऱ्या पाण्यात फारच थोडा शोषला जातो. कर्कश आवाज काही किलोमीटरांत विरून जातो. घनगंभीर आवाज महासागर ओलांडतो.

हा थर प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवून दिला तो मॉरिस युइंग आणि लामार वर्झेल या अमेरिकनांनी, १९४४ च्या वसंत ऋतूत. ‘सलूडा’ या नौकेवरून त्यांनी पाण्यात ध्वनिग्राहक सोडला. दुसऱ्या नौकेने दूर जात जात, पौने दोन-दोन किलोचे स्फोटक गोळे खोल पाण्यात फोडले. ९०० मैलांवरूनही ते ऐकू आले. रशियात ब्रेखोव्‍स्कीख यांनी १९४६ मध्ये जपानच्या समुद्रातील प्रयोगांवरून स्वतंत्रपणे हाच शोध लावला. युइंग यांची कल्पना मोठी भूतदयेची होती: समुद्रात कोसळलेल्या विमानाच्या वैमानिकाने एक छोटा बाँब पाण्यात टाकावा, तो त्या थरात जाऊन फुटावा, आणि तीन किनाऱ्यांवर तो आवाज पोचण्याच्या वेळांतील फरकावरून त्या अभाग्याचा ठावठिकाणा काढावा. पुढे २१ मार्च १९६० रोजी ऑस्ट्रेलियाच्या ‘डायमॅन्टिना’ या नौकेने पर्थजवळ प्रत्येकी सुमारे १३६ किलोचे तीन स्फोट केले. पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला, अटलांटिकमधील बर्म्युडा बेटापाशी, सुमारे २०,००० किलोमीटर अंतर तोडून ते पावणेचार तासांच्या आत ऐकू आले.

भौतिकशास्त्राच्या या प्रांतात अर्थशास्त्राच्या अध्यापकाने का शिरावे, असा प्रश्न येथवर वाचकांच्या मनात आला असेल. कारण असे की, या थराचा पुढील इतिहास हा एका सामाईक मालमत्तेचा इतिहास आहे. आपल्या खेड्यांतील गायरान जसे कोणा एकाचे नसते आणि म्हणूनच प्रत्येक जण त्यात आपले गुरे सोडू पाहतो, तसेच हे समुद्राचे गायरान. ते कोणी बांधले नाही, त्याच्या देखभालीवर कोणाचा पैसा खर्च होत नाही, आणि त्याचा उपयोग मात्र प्रत्येकाला आपल्या परीने करून घ्यावयाचा आहे.

पहिला उपयोग अर्थातच युद्धखात्याने केला. १९५० नंतर अमेरिकेने अब्जावधी डॉलर खर्चून समुद्रतळावर ध्वनिग्राहकांच्या रांगा अंथरल्या आणि सोव्हिएत पाणबुड्यांच्या हालचालींवर कान ठेवला. ही व्यवस्था १९९१ पर्यंत गुपित राहिली. या काळात त्या यंत्रांना पाणबुड्यांखेरीज इतरही पुष्कळ ऐकू येत होते. सेकंदाला सुमारे २० कंपनांचे, घड्याळासारखे नियमित ठोके कोठून येतात, हे कोडे काही वर्षे सुटेना; हे शत्रूचे एखादे यंत्र असावे, अशीही शंका होती. १९६० नंतरच्या दशकात उलगडा झाला की तो एका जातीच्या देवमाशाचा, फिन व्हेलचा, स्वर आहे. रॉजर पेन आणि डग्लस वेब यांनी १९७१ मध्ये असे गणित मांडले की, जहाजांची यंत्रे समुद्रात येण्यापूर्वी हा स्वर एका महासागराच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचत असला पाहिजे. त्यावर तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. शीतयुद्ध संपल्यावर नौदलाने आपले कान शास्त्रज्ञांना उसने दिले, तेव्हा कॉर्नेल विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर क्लार्क यांनी अटलांटिकमधील एका निळ्या देवमाशाचा केवळ त्याच्या आवाजावरून ४३ दिवस माग काढला. यंत्राने ऐकले म्हणजे दूरच्या दुसऱ्या देवमाशाने ऐकून प्रतिसाद दिला, असे मात्र सिद्ध होत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण आवाज तेथवर जातो, याबद्दल आता वाद उरलेला नाही.

दुसरा उपयोग अधिक व्यापक हिताचा आहे. वॉल्टर मंक या थोर समुद्रशास्त्रज्ञाला असे सुचले की, पाणी तापले की ध्वनी वेगाने जातो, तर मग त्याच्या प्रवासाचा वेळ मोजून महासागराचा ताप का मोजू नये? एका ठिकाणी बुडविलेला तापमापक त्या ठिकाणापुरतेच सांगतो. महासागर ओलांडणारा आवाज वाटेतल्या साऱ्या पाण्याची सरासरी घेऊन येतो. १०,००० किलोमीटरच्या वाटेवर पाणी एक शतांश अंशाने तापले तर आवाज सुमारे एक पंचमांश सेकंद आधी पोचेल, आणि एवढा फरक मोजणे आजच्या घड्याळांना मुळीच जड नाही. जानेवारी १९९१ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील निर्जन हर्ड बेटाजवळून ५७ हर्ट्झचा आवाज सोडण्यात आला. ५७ चा आकडा का, तर ५० आणि ६० हर्ट्झवर जगभरच्या वीजपुरवठ्याचा गुंजारव असतो, तो टाळावा म्हणून. भारतासह नऊ देशांचे शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. वादळी समुद्राने यंत्रांची मोडतोड केल्याने प्रयोग ठरल्यापेक्षा लवकर आटोपावा लागला. तरीही अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांकडे तो आवाज ऐकला गेला. पुढे २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी यंत्राचा आवाजही वगळला. सुमात्राजवळच्या नियास बेटाखाली त्याच जागी पुन्हा पुन्हा होणाऱ्या भूकंपांचा ध्वनी सुमारे ३,००० किलोमीटरवरील दिएगो गार्सिया येथे केव्हा पोचतो, हे एका दशकाहून अधिक काळच्या नोंदींतून पडताळून त्यांनी पूर्व हिंदी महासागर तापत चालल्याचे दाखवून दिले. भूकंप फुकट, थर फुकट. खर्च काय तो ऐकण्याचा.

ऐकणे किती स्वस्त पडते याचे आणखी एक उदाहरण अण्वस्त्रचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९९६ च्या करारात सापडते. चोरून केलेले स्फोट पकडण्यासाठी जमिनीतील कंपने टिपणारी १७० केंद्रे योजावी लागली. पृथ्वीचा सुमारे ७० टक्के भाग व्यापणाऱ्या महासागरांसाठी मात्र अवघी ११ पुरली. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, पण पाण्यातला ध्वनी सह्या पाहून प्रवास करीत नाही. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी अर्जेंटिनाची ‘सान हुआन’ ही पाणबुडी ४४ जणांसह बेपत्ता झाली, तेव्हा असेन्शन आणि क्रोझे या हजारो किलोमीटर दूरच्या बेटांजवळील केंद्रांनी त्या दिवशी टिपलेल्या एका आवाजावरूनच शोधाची दिशा ठरली. वर्षभराने, सुमारे ९०० मीटर खोलीवर, तिचे अवशेष सापडले. युइंग यांना वैमानिकांसाठी जे हवे होते ते ७३ वर्षांनी घडले, परंतु माणसे वाचविण्यासाठी नव्हे.

हे सर्व उपयोग ऐकणाऱ्यांचे झाले. गायरानात आणखी एक जण शिरलेला आहे, ज्याला काहीच ऐकावयाचे नाही. तो म्हणजे मालवाहू जहाज. जहाजाचा पंखा पाण्यात वेगाने फिरतो तेव्हा त्याच्या पात्यांजवळ असंख्य बुडबुडे निर्माण होऊन फुटतात, आणि त्यांचा जो घरघराट होतो तो नेमका खर्जातला, देवमाशांच्या स्वराच्या पट्टीतला. जहाज पृष्ठभागावर, थर खोल. मग बिघडले काय, असे कोणी म्हणेल. परंतु किनाऱ्यालगतचा उथळ मंच संपून तळ जेथे उतरता होतो, तेथे हा घरघराट उतारावर आपटत आपटत थरात घुसतो. आणि ध्रुवांकडच्या थंड समुद्रात तर संथ थरच पृष्ठभागालगत येतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे एकाच ठिकाणी १९६०-७० च्या दशकात आणि पुन्हा २००३-०४ मध्ये मापने झाली. मधल्या चाळीस वर्षांत खर्जातील पार्श्वभूमीचा आवाज १० ते १२ डेसिबलनी वाढला होता. डेसिबलची मोजणी फसवी असते. १० डेसिबल म्हणजे दसपट. दर दहा वर्षांनी आवाज दुप्पट होत गेला, असा याचा अर्थ.

या दुपटीची किंमत मांडून पाहू. थरातील ध्वनीची तीव्रता अंतराच्या प्रमाणात घटते, हे वर सांगितलेच आहे. तेव्हा पार्श्वभूमीचा गोंगाट दुप्पट झाला की ढोबळ मानाने ऐकू येण्याचे अंतर निम्मे होते, आणि ऐकू येण्याचे क्षेत्र एक चतुर्थांश. गोंगाट दसपट झाला तर अंतर एक दशांश, क्षेत्र एक शतांश. ज्या प्राण्याला जोडीदार शोधावयाचा आहे तो ज्या विस्तारात आपली हाक पोचवू शकत होता, त्यातील शंभर भागांपैकी एक भाग त्याच्या वाट्याला उरतो. आणि ही कपात कोणाच्याही जमाखर्चात दिसत नाही. तेल, खलाशांचे पगार, विमा, बंदराचे शुल्क, सारे काही कंटेनरच्या भाड्यात येते. घरघराट येत नाही. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये ज्या तऱ्हेच्या खर्चाचे विवेचन केले, एकाने करावयाचा आणि भलत्यानेच सोसावयाचा, त्याचे याहून शुद्ध उदाहरण वर्गात देण्यासाठी मला तरी सापडलेले नाही. गिरणीच्या धुराने निदान शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या धोतरावर डाग पडतो. येथे डागही दिसत नाही.

लोकमताचा रोख कोठे वळतो, तेही पाहण्याजोगे आहे. मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्डनंतर कॅलिफोर्निया आणि हवाई येथे तापमापनाचे ध्वनियंत्र बसवू म्हटले, तेव्हा देवमासे बहिरे होतील या भयाने १९९४ मध्ये मोठे वादळ उठले, सुनावण्या झाल्या, काम लांबले. ते भय अगदीच निराधार होते असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या यंत्राचे ठिकाण, वेळ आणि तीव्रता जाहीर आहे त्याला जाब विचारणे सोपे असते. अहोरात्र चालणाऱ्या हजारो जहाजांचा मिळून होणारा आवाज कोणा एकाचा नसतो, म्हणून त्याला जाब विचारणारे कोणी भेटत नाही.

हा गोंगाट थांबला तर काय होते, याचा एक अनपेक्षित प्रयोग घडून गेला आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर कॅनडाच्या फंडी उपसागरातील जहाजांची ये-जा एकाएकी मंदावली. खर्जातील आवाज तेथे ६ डेसिबलनी उतरला. योगायोगाने त्याच सुमारास काही संशोधक राइट व्हेल या दुर्मिळ देवमाशांची विष्ठा गोळा करीत होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, शरीरावरील ताण दाखविणारे संप्रेरक त्या दिवसांत त्या विष्ठेत कमी आढळले. अनेक प्रकारची प्रदूषणे अशी आहेत की आज कारखाना बंद केला तरी विष दशकानुदशके मातीत राहते. ध्वनीचे तसे नाही. पंखा थांबला की तो आवाज थोड्याच वेळात विरतो, आणि समुद्र पूर्ववत होतो. इतकी तत्पर भरपाई देणारी गुंतवणूक विरळाच.

उपाय अज्ञात नाहीत. पात्यांचा आकार सुधारता येतो, पंखा स्वच्छ ठेवता येतो, यंत्राखाली कंपने शोषणारी बैठक घालता येते, आणि सर्वांत सोपे म्हणजे वेग कमी करता येतो. वेग घटला की तेलही वाचते. पण मालाचा प्रवास लांबतो आणि वाटेत अडकलेल्या भांडवलावरील व्याज चढते. म्हणजे अखेर प्रश्न पैशाचा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ मध्ये शांत जहाजांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या. त्या ऐच्छिक आहेत. ऐच्छिक सूचनांचे पुढे काय होते हे शाळाखात्याची परिपत्रके वाचणाऱ्या शिक्षकांस समजावून सांगावयास नको. व्हँकूव्हरच्या बंदराने मात्र २०१७ पासून बंदर शुल्कात शांत जहाजांना सवलत देण्यास प्रारंभ केला, आणि त्याच वर्षी जवळच्या हॅरो सामुद्रधुनीत ऑर्का देवमाशांसाठी जहाजांनी वेग कमी करून पाहिला. सवलतीची रक्कम फार मोठी नाही. परंतु समुद्रातल्या शांततेला किंमत आहे, हे पहिल्यांदाच कोणाच्या तरी बिलावर छापले गेले.

आपल्या किनाऱ्यापुरता विचार करताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतील. अरबी समुद्रातील हा संथ थर इतर महासागरांतल्यापेक्षा अधिक खोल, दीड हजार मीटरच्याही खाली आहे. कारण तांबडा समुद्र आणि इराणचे आखात यांतून येणारे उबदार, अतिशय खारे पाणी मधल्या थरांत पसरते आणि वेग लवकर घटू देत नाही. दुसरे, मुंबईसमोर उथळ मंच सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत पसरलेला असल्याने बंदरातला गोंगाट तसाच त्या थरात जात नाही. जहाज मंचाची कड ओलांडते तेथे खरा प्रश्न सुरू होतो. त्या कडेपलीकडच्या पाण्यात कुबड्या देवमाशांचा एक वेगळाच वंश राहतो. जगातले इतर कुबडे देवमासे ऋतूनुसार ध्रुवाकडे जातात. हे अरबी समुद्र सोडतच नाहीत. ओमानच्या किनाऱ्यालगत त्यांची संख्या शंभरही नसावी, असा अंदाज आहे. २०१७ च्या अखेरीस तेथे उपग्रहाला संकेत पाठविणारे यंत्र लावलेली ‘लुबान’ नावाची मादी सरळ समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, किनाऱ्याच्या कडेने भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुन्हा उत्तरेकडे वळली. इराणच्या आखातातून तेल घेऊन निघालेली आणि कोलंबोकडे वळणारी जहाजे याच पाण्यातून जातात. यांपैकी कित्येक जहाजे मुंबईत आणि न्हावा-शेव्यात शुल्क भरतात. त्या शुल्काच्या तक्त्यात जहाजाचे टनेज, लांबी आणि मुक्कामाचे तास यांच्या रकान्यांशेजारी आवाजाचा एक रकाना वाढवावा, आणि पहिली काही वर्षे तो केवळ सवलतीपुरताच वापरावा. मोजमापाची यंत्रे आहेत; आणि मोजणारी माणसे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हाकेच्या अंतरावर आहेत.